माझ्या भावाने दुरुस्त केलेली गाडी

माझा धाकटा भाऊ थियान-लाय यास यंत्रांतील काहीही कळत नाही. हे वाक्य मी आरंभीच लिहून ठेवते, कारण पुढे जे घडले ते समजण्यास याहून अधिक माहिती लागत नाही.

त्याचे वय एकोणसत्तर आहे. साखर कारखान्याच्या यंत्रशाळेत त्याने एकतीस वर्षे नोकरी केली, हे तो ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला सांगतो. तेथे तो काय करीत होता, हे मात्र तो सांगत नाही. तो हत्यारांच्या खोलीत बसत असे. कामगार खिडकीशी येऊन आपला पितळी बिल्ला देई, थियान-लाय तो खिळ्यास अडकवी आणि पाना देई. संध्याकाळी पाना परत घेई आणि बिल्ला देई. एकतीस वर्षांत त्याच्या खिडकीतून एकही पाना हरवला नाही. ही गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. परंतु ज्याच्या हातून लाखो पाने गेले त्याला नटही कळतो, असा जो त्याचा समज झाला, तो खोटा आहे. पोस्टमनास सर्वांची पत्रे पाठ असतात असे कोणी म्हणत नाही.

या समजाचे मूळ आमच्या घरातच आहे, हे मला मान्य केले पाहिजे. आम्ही चार भावंडे होतो आणि एकालाच शाळेत पाठवणे शक्य होते. तो एक थियान-लाय झाला. मी आणि माझ्या दोन बहिणी किनाऱ्यावर कालवांचे शिंपले फोडीत बसलो. त्याला तांत्रिक शाळेचे प्रमाणपत्र मिळाले. ते आजही त्याच्या बैठकीत काचेच्या चौकटीत टांगलेले आहे, आणि त्याच्या खाली बसून तो लोकांना सल्ला देतो. ज्याला लहानपणापासून घरातील सर्वांनी हुशार म्हटले, त्याला पुढे कोणी दुरुस्त करू शकत नाही.

त्याची पत्नी ग्योक-सिम ही या कुटुंबातील कामाची व्यक्ती होय. ती तळ्यातले मासे विकते. पहाटे तिच्या भावाच्या तळ्यावरून मासे येतात, ती ते बर्फात घालून स्कूटरच्या पुढे-मागे पेट्या लावते आणि चार किलोमीटरवर मात्सू या समुद्रदेवीच्या देवळामागील गल्लीत साडेपाचच्या आत पोहोचते. त्या गल्लीत माझीही जागा आहे. मी लसूण आणि सुका मुळा विकते, आणि माझे घर गल्लीच्या तोंडाशीच आहे. ग्योक-सिमची जागा माझ्या डाव्या हाताला, नळाजवळ आहे. मासे विकणाऱ्यास नळाजवळची जागा म्हणजे काय, हे मासे न विकणाऱ्याला कळणार नाही. ती तिला चौदा वर्षे थांबून मिळाली.

आमच्या गल्लीचा नियम देवळाच्या कारभाऱ्यांनी देवीसमोर कौल लावून ठरवलेला आहे. सलग तीन सकाळी जो साडेपाचला आपल्या जागेवर माल घेऊन स्वतः उभा नसेल, त्याची जागा यादीतील पुढच्या माणसास जाते. आजारपणाला सूट आहे. बाळंतपणाला आणि मयतीला सूट आहे. बंद पडलेल्या गाडीला सूट नाही, कारण ती सूट दिली तर निम्म्या गल्लीची गाडी रोज बंद पडेल. यादीत पुढचे नाव अळूच्या वड्या विकणाऱ्या बाईचे होते, आणि ती बाई गेली तीन वर्षे जाता-येता ग्योक-सिमच्या नळाकडे पाहत असे.

त्या वर्षी थंडी संपता संपता स्कूटर सकाळी चालू होण्यास कुरकुर करू लागली. गाडी सोळा वर्षांची होती. आमच्या गावातील स्कूटरचे मिस्त्री झित-तेक यांनी रस्त्यातच आवाज ऐकून सांगितले, “वहिनी, व्हॉल्व्हची फट कमी झालीय. अर्ध्या तासाचं काम आहे. गुरुवारी आणून सोडा.”

ग्योक-सिमने घरी येऊन ते सांगितले. थियान-लाय प्रमाणपत्राखाली चहा पीत होता.

“अर्ध्या तासासाठी मी त्याच्या बाकावर जाऊन बसू?” तो म्हणाला. “तो झित-तेक चड्डीत फिरत होता तेव्हा मी यंत्रशाळेत होतो.”

“तुम्ही खिडकीत होता,” ग्योक-सिम म्हणाली.

“खिडकी कुठे होती? यंत्रशाळेतच ना?”

रविवारी दुपारी त्याने अंगणात वर्तमानपत्र पसरले आणि गाडी उघडली.

त्याने काय काय केले याची माहिती नंतर तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. मी ती क्रमाने देते. प्रथम त्याने प्लग काढून पॉलिशपेपरने घासला. त्यावर थांबला असता तर हे लिहिण्याचे कारण उरले नसते. नंतर त्याने हवेच्या गाळणीचा स्पंज भांड्यांच्या साबणाने धुतला आणि अर्धा ओला असतानाच परत बसवला. गाडी आणखी कुरकुरली. तेव्हा त्याने ठरवले की दोष कार्ब्युरेटरचा आहे, कारण मोबाइलवरच्या एका चित्रफितीत एका तरुणाने तसे म्हटले होते. त्याने कार्ब्युरेटर उतरवला आणि त्यातील बारीक भोके बांबूच्या दातकोरणीने साफ केली. परत बसवल्यावर गाडी मिसिंग मारू लागली: मूठ सोडली की इंजिन आपोआप ओरडे, मग एकदम खाली बसे आणि विझे, उतारावर सायलेन्सरमधून फटाके फुटत. ते लपवण्यासाठी त्याने चाल वाढवणारा स्क्रू दोन फेरे आवळला. त्याने आवाज वाढला आणि दोष तसाच राहिला.

त्याच्या सर्व दुरुस्त्यांची रीत हीच आहे. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीवर पांघरूण घालते.

सोमवारी पहाटे गाडी अर्धी वाट होण्याआधीच, मिठागराच्या वळणावर विझली. ग्योक-सिमने ती पेट्यांसकट ढकलत घरी परत आणली, कारण घर जवळ होते. मासे तिने शेजाऱ्यांत वाटले. मंगळवारी पहाटे ती पेट्या भरून उभी होती आणि थियान-लाय बॅटरी तोंडात धरून गाडीखाली होता. “दहा मिनिटं,” तो म्हणाला. पाच वाजता तो म्हणाला, “दहा मिनिटं.” साडेपाच वाजता माझ्या डाव्या हाताला नळ गळत होता आणि जागा रिकामी होती. अळूच्या वड्यांची बाई आपली टोपली घेऊन सहज म्हणून तेथे उभी राहून गेली. तिने जमिनीचा उतार पायाने पाहिला.

मी दुकान आवरून सरळ त्यांच्या घरी गेले. ग्योक-सिम पायरीवर बसली होती. तिने आवाज चढवला नाही.

“वन्सं,” ती म्हणाली, “उद्या तिसरा दिवस. मी त्यांना झित-तेककडे जायला सांगितलंय. तुम्ही सोबत जा. एकटे गेले तर ते तिथे भाषण करतील.”

“तू का येत नाहीस?”

“मी गेले तर मी पाना उचलीन. आणि नटावर नाही घालणार.”

थियान-लायने गाडी ढकलली आणि मी मागून चालले. दोन किलोमीटर अंतरात त्याला सात ओळखीचे लोक भेटले. सातही जणांना तो म्हणाला की, “जरा फिरवून आणतोय.”

झित-तेक मिस्त्रींचे दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक बाक आणि तेलाने काळी झालेली जमीन. मिस्त्री पन्नाशीचे आहेत, बोलणे बेताचे. त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर उभी केली आणि हात पुसत विचारले, “काका, काय काय उघडलंत?”

“विशेष काही नाही. सर्वसाधारण देखभाल.”

“म्हणजे काय?”

“देखभाल म्हणजे देखभाल. यंत्रशाळेत आम्ही—”

“स्क्रू किती उरले?”

थियान-लायने खिशातून चहाची छोटी डबी काढून बाकावर ठेवली. मिस्त्रींनी ती उघडून पाहिली, तीन स्क्रू आणि एक वायसर बोटाने सारले, आणि झाकण लावले.

“हे जास्तीचे होते,” थियान-लाय म्हणाला. “कंपन्या कधीकधी जास्तीचे घालतात.”

“हो. आम्हा गरिबांना कामी यावेत म्हणून.”

बाकावर बसलेला पाव विकणारा मनुष्य हसला. थियान-लायने त्याच्याकडे असे पाहिले की जणू त्याने बिल्ला न देता पाना मागितला आहे.

मिस्त्रींनी गाडी चालू केली. ती ओरडली, खोकली, खाली बसली. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनला लावले आणि डोळे मिटले. मग प्लग काढून उजेडात धरला.

“मावशी, बघा,” ते मला म्हणाले. “प्लग विटेच्या रंगाचा असायला हवा. हा कसा आहे?”

“उदबत्तीच्या राखेसारखा पांढरा,” मी म्हणाले.

“म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. उपाशी जळतंय.”

“तेच मी म्हणणार होतो,” थियान-लाय म्हणाला. “म्हणून तर मी पेट्रोलचा स्क्रू सोडला.”

“किती सोडलात?”

“मापात.”

मिस्त्रींनी प्लग परत बसवून गाडी पुन्हा चालू केली, ओला स्पंज काढून बाजूला ठेवला आणि कार्ब्युरेटरचे तोंड तळहाताने अर्धवट झाकले. इंजिन लगेच शहाण्यासारखे चालू लागले. हात काढला की पुन्हा ओरडणे. हे त्यांनी दोनदा करून पाहिले. मला त्यांची ही पद्धत आवडली. ते अंदाज बांधत नव्हते. इंजिनलाच प्रश्न विचारीत होते, आणि एका वेळी एकच.

“समोरून येते त्याशिवाय कुठून तरी हवा आत शिरतेय,” ते म्हणाले. “काका, कार्ब्युरेटर उतरवला होता?”

“नाही.”

मी माझ्या भावाकडे पाहिले. खोटे बोलताना त्याचे कान लाल होतात. तो सात वर्षांचा असताना होत असत तसेच.

“नटावर ताज्या खुणा आहेत,” मिस्त्री म्हणाले.

“जुन्या असतील.”

“जुन्या खुणा चमकत नाहीत, काका. तुम्ही सांगितलंत तर पाच मिनिटं वाचतील. एवढंच.”

थियान-लाय शेडच्या छपराकडे पाहू लागला. मिस्त्रींनी उसासाही टाकला नाही. त्यांनी पाण्याची पिचकारी घेतली आणि चालू इंजिनवर थेंब थेंब सोडले: आधी नळीवर, मग तिच्या कडीवर, मग कार्ब्युरेटर जेथे इंजिनच्या नळीस जुळतो त्या सांध्यावर. तेथे पाणी पडताच इंजिनचा आवाज गिळल्यासारखा बदलला. पाणी सांध्यातून आत ओढले गेले.

“इथे,” ते म्हणाले, आणि गाडी बंद केली.

त्यांनी दोन नट काढले. एक नट इतका आवळलेला होता की त्यांना पाइप लावून जोर करावा लागला. कार्ब्युरेटर सुटून हातात आला. या दोन तुकड्यांच्या मध्ये एक पॅकिंग असते. तेलकट, जाडसर कागदाचे, दुकानात चहाच्या पेल्याहून स्वस्त मिळते. मिस्त्रींनी नखाने ते सोडवले. ते पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटू लागले, भिजलेल्या पोळीसारखे. त्यांनी एक पापुद्रा उजेडाकडे धरला.

त्यावर सोनेरी वर्ख होता. वर्खावर लाल शाईत दीर्घायुष्य देणाऱ्या देवाचा अर्धा चेहरा आणि पूर्ण दाढी होती.

तो सोनकागद होता. देवीच्या जन्मदिवसासाठी ग्योक-सिमने कपाटात जपून ठेवलेल्या गठ्ठ्यातला, देवाला पैसे पोहोचावेत म्हणून त्याच्यासमोर जाळायचा मोठा सोनकागद. माझ्या भावाने त्याच्या चार घड्या घालून, कात्रीने मध्ये भोक पाडून, देवाचे पैसे इंजिनच्या सांध्यात घातले होते.

पाव विकणारा मनुष्य बाकावरून उठला आणि दोन पावले मागे सरला.

“मूळचं फाटलं होतं,” थियान-लाय म्हणाला. “रविवार होता. दुकान बंद. कागद तो कागद.”

“कागद तो कागद,” मी म्हणाले. “मग तुझं प्रमाणपत्र का नाही कापलंस? ते जाड आहे.”

“आक्का, तुला यातलं कळत नाही.”

“मला दाढी कळते. ही कुणाची आहे ते सांग.”

मिस्त्रींनी सर्व पापुद्रे एका स्वच्छ फडक्यात गोळा केले. ते गुंडाळताना त्यांनी दोन्ही हात वापरले, फेकले नाहीत. मग त्यांनी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, काढून उजेडात पाहिला. भोकात वर्खाचा कण चमकत होता, आणि त्याच्या मागे दातकोरणीचे टोक मोडून बसले होते.

“हे मी साफ करीन,” ते म्हणाले. “पॅकिंग माझ्याकडे आहे. पण हे बघा.” त्यांनी इंजिनच्या बाजूची नळी दाखवली. नट जेथे बसतो तो तिचा कान तडकला होता. “कागद दबत गेला, गाडी ओरडत राहिली, तसे तुम्ही आवळत गेलात. याला शहरातून नवीन भाग आणावा लागेल. उद्या दुपारी येईल.”

“उद्या पहाटे पाहिजे,” मी म्हणाले. “उद्या तिचा तिसरा दिवस आहे.”

“ठाऊक आहे, मावशी. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.” त्यांनी भिंतीवरील खिळ्यास लावलेली एक किल्ली दाखवली. दुकानाची उसनी देण्याची स्कूटर बाहेर उभी होती. जुनी, परंतु सरळ चालणारी. “ही पहाटेसाठी घेऊन जा. पण किल्ली मी काकांच्या हातात देणार नाही. वहिनींनी येऊन घ्यावी. आणि त्याआधी काकांनी घरी सांगावं की सांध्यात काय घातलं होतं. ते पुडकं माझ्याकडे आहे. त्याचं काय करायचं ते वहिनी देवीला विचारून ठरवतील. मी लपवलं तर तो दोष माझ्या दुकानाला लागेल. मी आठ वाजेपर्यंत इथे आहे.”

“सांगतो,” थियान-लाय म्हणाला.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि घरी गेले. जन्मभर त्याच्या चुका आईला, मास्तरांना, ग्योक-सिमला मीच सांगत आले होते; एक चूक त्याने स्वतः सांगावी असे मला वाटले. हा माझा मूर्खपणा होय, आणि तो मी येथे त्याच्या मूर्खपणाशेजारी ठेवते.

त्याने सांगितले नाही. घरी जाऊन तो म्हणाला की मिस्त्रीकडे उसनी गाडी शिल्लक नाही, आणि दोष कारखान्यात बनवतानाच राहिलेला आहे.

बुधवारी पाच वाजून वीस मिनिटांनी मी लसणाच्या जुड्या मांडीत होते. अळूच्या वड्यांची बाई टोपली, घडीचे टेबल आणि मेणकापड घेऊन नळापासून दोन हातांवर उभी होती. देवळाचे कारभारी, ऐंशी वर्षांचे, वही काखेत धरून गल्लीच्या वरच्या टोकाकडून एकेका जागेवर खूण करीत येत होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी लोखंडी चाकाचा खडखडाट ऐकू आला. लोक वळून पाहू लागले.

थियान-लाय कालवे वाहण्याची हातगाडी ढकलीत येत होता. गाडीवर माशांच्या सहा पेट्या होत्या. चार किलोमीटर. त्याचा सदरा पाठीस चिकटला होता, एका पायातील चप्पल तुटून दोरीने बांधली होती, आणि त्याचे तोंड त्या माशांसारखेच उघडे होते. ग्योक-सिम त्याच्या पुढे दहा पावले चालत होती. तिने मागे पाहिले नाही. ती सरळ नळापाशी आली आणि आपल्या जागेवर उभी राहिली.

“सरका ताई जरा,” ती वड्यांच्या बाईस म्हणाली. “पाणी उडेल.”

कारभारी आले, त्यांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि वहीत खूण केली.

“चालत आलीस?” ते म्हणाले.

“चालत.”

“झित-तेककडची गाडी का नाही घेतलीस? काल रात्री माझ्या सुनेनं पाहिली. त्याच्या दुकानाच्या दाराशीच उभी होती.”

कारभारी पुढे गेले. ग्योक-सिमने बर्फ बाजूला सारला, मासे डोके एका दिशेस करून मांडले, सुरी धुतली. पहिले गिऱ्हाईक आले. तिने मासा तोलला, खवले काढली, पिशवीत भरला. थियान-लाय हातगाडीच्या दांड्यावर बसून धापा टाकीत होता. मी माझ्या लसणाकडे पाहत राहिले. त्याच्याकडे पाहिले असते तर मी बोलले असते.

“सांध्यात कागद होता,” शेवटी तो म्हणाला. त्याने ते हातगाडीच्या चाकास सांगितले. “पॅकिंगच्या जागी. सोनकागद.”

ग्योक-सिमची सुरी थांबली.

“माझ्या गठ्ठ्यातला?”

“हो.”

“लहान की मोठा?”

“मोठा. एकच. चार घड्या घातल्या.”

“म्हणून गाडी दिली नाही त्यांनी.”

“देत होता. तुला सांगितल्यावर.”

तिने पुढचा मासा घेतला आणि त्याचे पोट एका रेषेत उघडले. मी इतकी वर्षे तिच्या शेजारी बसते, तिची सुरी कधी वाकडी गेलेली मी पाहिलेली नाही. त्या दिवशीही गेली नाही.

“म्हणजे एक वाक्य बोलायचं नव्हतं म्हणून चार किलोमीटर,” ती म्हणाली.

“हातगाडी मीच ढकलली ना,” तो म्हणाला. या वाक्यात त्यास स्वतःचे समर्थन दिसले, हे मला त्याच्या मुद्रेवरून कळले.

“एक कागद काढला म्हणजे गठ्ठा मोडला. मोडलेला गठ्ठा देवीला चालत नाही. नवीन आणा. मोठा.”

“आणतो. गाडी आली की—”

“गाडी मी आणीन, दुपारी. तुम्ही तिला यापुढे हात लावायचा नाही. पुसायलासुद्धा. कागद चालत जाऊन आणा.”

थियान-लायने माझ्याकडे पाहिले. त्याची अपेक्षा असावी की मोठी बहीण काहीतरी म्हणेल. मी लसणाची एक जुडी उचलून तिची मुळे झाडली.

सोनकागदाचे दुकान बंदराच्या बाजूस आहे आणि ते आठ वाजता उघडते. तेव्हा सहा वाजण्यास पाच मिनिटे कमी होती. हे त्यास पक्के ठाऊक होते. तो उठला, चपलेची दोरी आवळून बांधली आणि बंदराच्या बाजूस चालू लागला.